फिट्स थांबल्या, पण गणपतीपुळं कुठे गेलं?

तुळशीकट्टा | ९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३८, नाशिकजवळ राहते, पतपेढीत नोकरी. फिट्स सोळाव्या वर्षापासून. सिनेमात दाखवतात तशा हातपाय झाडायच्या नव्हेत. पोटातून काहीतरी वर चढतं, समोर चाललेलं सगळं आधी एकदा घडून गेलंय असं वाटतं, आणि मग मिनिट-दीड मिनिट मी टक लावून बसते, ओठ चाटते, पदराशी चाळा करते. बघणाऱ्याला वाटतं, तंद्री लागली. एमआरआयमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसला (आठवणी सांभाळणारा मेंदूतला भाग) वण असल्याचं निघालं. लग्नाआधी सासरी सगळं सांगितलं होतं. आता गेली साडेतीन वर्षं दोन गोळ्यांवर एकही फिट नाही. डॉक्टर खूश, घरचे खूश.

आता खरं दुखणं. मागच्या महिन्यात नणंद आली होती. मोबाइलवर जुने फोटो बघत बसलो. गणपतीपुळे, २०१९. फोटोत मी आहे, साडीचा काठ ओला, हातात भाजलेलं कणीस, तोंडभर हसतेय. आणि ती सहल मला आठवत नाही. पुसट आठवते असंही नाही, नाहीच आठवत. नवरा म्हणाला, "अगं, तो भटजी नव्हता का..." आणि दोघं हसायला लागली. मीही हसले. "हो हो," म्हणाले. असं "हो हो" मी दिवसातून किती वेळा म्हणते ते माझं मलाच माहीत.

ऑफिसात रोजच्या खातेदाराचं नाव जिभेवर येऊन परत जातं. स्वयंपाकघरात, "ते दे ना, ते... पीठ ज्यातून घालतो ते." चाळणी हा शब्द सापडेना! साबा (सासूबाई) म्हणतात, हिचं लक्षच नसतं. डॉक्टरांना सांगितलं तर, "फिट आली का? नाही ना? मग उगीच ताण घेऊ नका."

कुणाचा असा अनुभव आहे का? हे गोळ्यांमुळे की आजारामुळे? की माझं डोकंच कामातून चाललंय?

---

खडीसाखर | ९ जून, रात्री ११:१५

ताई, स्वागत. त्या "हो हो"ला माझ्याकडून शंभर वेळा +१. मला चौदा वर्षं अपस्मार आहे आणि "हो हो"मध्ये मी पीएचडी केली आहे. एकदा एका बाईंच्या नवऱ्याची तब्येत विचारली. तो जाऊन सहा महिने झाले होते आणि मी भेटायला जाऊनही आले होते. त्यानंतर विचारणंच सोडून दिलं.

सविस्तर उद्या लिहिते.

---

अर्धा_चहा | ९ जून, रात्री ११:३८

दोन गोळ्या कुठल्या? त्यात टोपिरामेट असेल तर शब्द अडकण्याचं कोडं निम्मं सुटलंच म्हणून समजा. माझा धाकटा भाऊ ती घ्यायचा तेव्हा बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि आम्ही कौन बनेगा करोडपतीसारखे पर्याय द्यायचो. तो भयंकर चिडायचा. आता वाईट वाटतं.

---

तुळशीकट्टा | १० जून, सकाळी ७:०५

टोपिरामेट आहेच! आणि लेव्हेटिरासिटाम. पण @अर्धा_चहा, मी बीकॉमला असताना फक्त जुनी फेनिटोईन होती, तेव्हाही वाचलेलं टिकायचं नाही. म्हणजे सगळं खापर एका गोळीवर कसं फोडू?

---

घाटमाथा | १० जून, दुपारी २:२०

मी न्यूरॉलॉजीत काम करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण थोडं समजावून सांगतो.

ताई, तुमचा "कसं फोडू" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तुम्ही पतपेढीत आहात म्हणून तसंच सांगतो. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आवक-जावक कारकून. दिवसभरात जे घडतं त्याची पहिली नोंद तो करतो. मग मेंदूच्या इतर भागांत, मुख्यतः झोपेत, ती नोंद पक्क्या खतावणीत चढते. टेंपोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) अपस्मारात वीज कडाडते ती बहुतेक वेळा याच कारकुनाच्या टेबलावर. फिट चालू असते तेवढ्या वेळाची नोंद होत नाही, हे उघड आहे. पण फिटच्या आधीचं ताजं काही पुसलं जातं, नंतरचे काही तास कारकून गुंगीत असतो, आणि दोन फिट्सच्या मधेही ईईजीवर (मेंदूतल्या विजेचा आलेख) बारीक ठिणग्या दिसत राहतात. त्या कुणाला बाहेरून कळत नाहीत. रात्री झोपेत फिट्स येत असतील तर खतावणीचं काम तिथेच अडतं. २०१९ मध्ये तुम्हाला महिन्याला किती फिट्स यायच्या?

शिवाय ज्याला वण आहे तो कारकून मुळातच अर्ध्या ताकदीचा. बहुतेकांत डावी बाजू शब्द, नावं, ऐकलेल्या गोष्टी सांभाळते आणि उजवी चेहरे, जागा, रस्ते. हा काही लोखंडी नियम नाही, पण तुमचं वर्णन डाव्या बाजूशी जुळतं.

आता गोळ्या. टोपिरामेट शब्दांवर घाला घालते, हे सर्वज्ञात आहे. जुन्यांपैकी फेनोबार्बिटोन मेंदूला सुस्तावते. लेव्हेटिरासिटाम आठवणींच्या बाबतीत त्यामानाने सौम्य असते, पण काहींची चिडचिड वाढवते. गोळ्यांची संख्या आणि डोस वाढतो तसा हा भार वाढतो.

आणि एक गोष्ट आम्ही डॉक्टर विचारायला विसरतो (आमचीही स्मरणशक्ती बेताचीच). मन कसं आहे? अपस्मारात उदासी आणि चिंता खूप आढळतात, आणि उदास मन नोंद घेतच नाही. बी-१२, थायरॉईड, सोडियम हेही एकदा तपासून घ्यावं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता इतकी आहे की ते न बघता बाकीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

डोकं कामातून चाललंय का? फिट्स आटोक्यात असलेल्या ३८ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत माझ्या मनात स्मृतिभ्रंश हा पहिला विचार येत नाही. पण "ताण घेऊ नका" हे उत्तर मात्र नव्हे. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून रीतसर चाचणी मागा.

---

बोरूबहाद्दर | १० जून, संध्याकाळी ६:५१

इतकी वर्षं इंग्रजी गोळ्या खाल्ल्यावर दुसरं काय होणार? साडेतीन वर्षं फिट नाही म्हणजे आजार गेला. गोळ्या बंद करा, रोज ब्राह्मी आणि शंखपुष्पी घ्या. आमच्या शेजारच्यांना गुण आला.

---

घाटमाथा | १० जून, संध्याकाळी ७:१०

@बोरूबहाद्दर, राग मानू नका, पण हा प्रतिसाद जीवघेणा आहे. अपस्माराची गोळी अचानक थांबवली तर एकामागून एक अशा फिट्स येऊ शकतात की माणूस मधे शुद्धीवरच येत नाही. अशांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं, आणि काही परत येत नाहीत. मेंदूत वण असेल तर "आजार गेला" असं साडेतीन वर्षांनीही धरून चालता येत नाही. ब्राह्मी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून. काही वनौषधी गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतात.

---

खडीसाखर | १० जून, संध्याकाळी ७:३३

शेजारच्यांना नेहमीच गुण येतो. मला एकदा हे शेजारी भेटायचे आहेत.

---

पाटीपेन्सिल | ११ जून, रात्री ९:१८

कोल्हापूरकडचा आहे, माझं पोरगं दहावीला. वरचं वाचून अंगावर काटा आला म्हणून लिहितोय. पोराला दुसरीपासून फिट्स. अभ्यासाला बसतं मन लावून. रात्री इतिहासाचा धडा घेतला की घडाघडा म्हणून दाखवतं. दुसऱ्या दिवशीही येतं. तीन आठवड्यांनी चाचणी परीक्षा, आणि पेपर कोरा. कोरा म्हणजे कोरा! सर म्हणाले, पाठांतर केलंच नाही. मीपण एकदा हात उचलला पोरावर. आज लिहिताना लाज वाटतीय. मग शहरात नेऊन स्मरणशक्तीची टेस्ट केली, ती आली नॉर्मल. झालं, सगळ्यांचं मत पक्कं झालं की पोरगं कामचुकार आहे.

---

घाटमाथा | ११ जून, रात्री १०:०२

पाटीपेन्सिल, तुमच्या मुलाचं वर्णन वाचून खुर्चीत सरळ बसलो. याला नाव आहे, 'वेगवान विस्मरण' म्हणा. गोष्ट शिकली जाते, अर्ध्या तासाने विचारली तर शाबूत असते, पण पुढच्या दिवसा-आठवड्यांत इतरांपेक्षा कितीतरी झपाट्याने विरून जाते. आपल्या नेहमीच्या चाचण्यांत शब्दांची यादी किंवा छोटी गोष्ट सांगून साधारण वीस-तीस मिनिटांनी परत विचारतात. त्यात असा मुलगा पास होतो, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. बादलीला भोक आहे, पण आपण पाणी भरल्या भरल्या बघतोय, म्हणून ती भरलेलीच दिसते. तीच यादी एका आठवड्याने, तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा म्हणावं.

तोवर एक करा. एकदा पाठ करून सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी, चौथ्या, आठव्या, पंधराव्या दिवशी पुस्तक मिटून तोच धडा त्याला सांगायला लावा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्याने जास्त टिकतं. आणि दहावी असली तरी जागरण नको. झोप मोडली की फिट्सही वाढतात आणि खतावणीही राहते.

---

पाटीपेन्सिल | ११ जून, रात्री १०:२५

पोरगं जागंच आहे, वाचून दाखवलं. काही बोललं नाही. आत जाऊन आईला म्हणालं, "बघ, मी सांगत होतो."

---

अनुस्वार | १२ जून, सकाळी ११:४०

थोडं अवांतर. 'अपस्मार' या शब्दातच स्मृती बसलेली आहे. अप म्हणजे दूर जाणं, स्मृ म्हणजे आठवणं. चरकसंहितेत अपस्माराची व्याख्या स्मृती निघून जाणं अशीच आहे. तिथे झटक्याच्या वेळी भान जाणं अभिप्रेत आहे, हे मान्य. तरी नाव ठेवणाऱ्याने काय ठेवलंय! नटराजाच्या पायाखाली जो बुटका असतो तोही अपस्मारपुरुष. शंकर त्याला मारत नाही, नुसता दाबून धरतो. गोळ्याही तेवढंच करतात.

आणि हिप्पोकॅम्पस आठवणींचं दार आहे हे जगाला ज्याच्यामुळे कळलं तोही अपस्माराचाच रुग्ण होता. हेन्री मोलायसन, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. फिट्समुळे जगणं अशक्य झालं म्हणून १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा तो भाग काढला. फिट्स खूप कमी झाल्या, पण त्या दिवसापासून नवी आठवण बनेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला येत, आणि दर वेळी त्या त्याला नव्यानेच भेटत. मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय याचा त्याला पत्ता नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगांची वेगळी. २००८ मध्ये तो वारला, तोवर शास्त्रीय लेखांत त्याचं नाव फक्त आद्याक्षरांनी यायचं.

---

तुळशीकट्टा | १२ जून, दुपारी १:१५

@अनुस्वार, हे वाचून जरा घाबरले आणि जरा बरंही वाटलं. पुरणपोळी लाटताना माझा हात कधी चुकत नाही. पुरणयंत्राला काय म्हणतात ते मात्र परवा आठवेना.

@घाटमाथा, २०१९ मध्ये महिन्याला चार-पाच तरी यायच्या. म्हणजे ती सहल माझ्याकडून हरवली नाही, तिची नोंदच झाली नसेल?

---

घाटमाथा | १२ जून, रात्री ९:३०

शक्य आहे. नोंद झाली आणि खतावणीत चढली नाही, असंही असेल. आज बाहेरून ते ठरवता येणार नाही. पण फोटो बघून, नवऱ्याकडून ऐकूनही काही उलगडत नाही, तर कपाटात असून सापडत नाही असं हे वाटत नाही.

---

पश्चिमवारा | १३ जून, रात्री १२:१०

माझी शस्त्रक्रिया झालीय म्हणून लिहितो. तीन औषधं करूनही फिट्स थांबेनात, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत गेलो. तिथे १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. नाव ऐकून पुण्यातलेच लोक म्हणाले, डोकं उघडायला केरळात कशाला? त्यांना काय सांगणार.

शस्त्रक्रियेआधी काही दिवस व्हिडिओ ईईजीवर ठेवलं, म्हणजे फिट कुठून उठते ते पकडायचं. मग आठवणींच्या चाचण्या, तासन्तास. मोलायसनपासून शिकलेला धडा हाच, की जो भाग काढायचा त्याच्या दुसऱ्या बाजूचा जोडीदार काम करतो का ते आधी बघायचं. पूर्वी त्यासाठी वाडा चाचणी सर्रास करत. मी ऐकलं तेव्हा मला शनिवारवाडा आठवला! जुन वाडा या डॉक्टरांच्या नावावरून आहे. मेंदूचा अर्धा भाग औषधाने काही मिनिटं झोपवायचा आणि उरलेल्या अर्ध्याची परीक्षा घ्यायची. माझं फंक्शनल एमआरआयवरच (काम करताना मेंदूचा कुठला भाग चालतो ते दाखवणारा) भागलं.

माझी उजवी बाजू काढली. सहा वर्षं फिट नाही. नावं पक्की, पण रस्ते गेले. कोथरूडमध्ये वाढलो आणि कोथरूडमध्येच चुकतो. डाव्या बाजूच्या रुग्णांना आधीच सांगतात की शब्दांची आठवण आणखी उतरू शकते. ज्यांची आधी चांगली असते त्यांना गमावण्यासारखं जास्त असतं. तुमच्या फिट्स गोळ्यांवर थांबल्यात, ताई, त्यामुळे तुम्हाला या वाटेला जायचं कारण नाही.

---

बाभूळबन | १४ जून, सकाळी ८:२५

वडिलांचं सांगते. वय ६३, कधी फिट नाही, काही नाही. एके दिवशी सकाळी उठले आणि आईला विचारायला लागले, "आज वार कुठला? आपण कुठे जायचंय?" आईने सांगितलं. दोन मिनिटांनी परत तेच. चहा स्वतःच केला, पेपर नीट वाचला, आम्हाला ओळखलं, फक्त दर दोन मिनिटांनी, "आज वार कुठला?" पाऊण तासाने एकदम साफ. चार महिन्यांत असं पाच वेळा झालं. एकाने वय झालं म्हटलं, एकाने अल्झायमर. आई देवापुढे रडायची. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "हे झोपेतून उठल्यावरच होतं का?" आणि झोपेतला ईईजी काढला. निघाला अपस्मार, ज्यात फिट म्हणजे फक्त विसरणं. कमी डोसची एक गोळी, आणि झटके थांबले.

पण जुन्या आठवणींत भोकं राहिलीत. माझ्या लग्नातलं कन्यादान त्यांना आठवत नाही. मी सांगते, ते ऐकतात, आणि मग पाहुण्यांना ते सगळं आठवत असल्यासारखं सांगतात. मला चालतं.

---

खडीसाखर | १४ जून, दुपारी ३:४५

कबूल केल्याप्रमाणे, उशिराने. (विसरले नव्हते, वहीत होतं.)

सगळ्यात आधी गोळ्यांचं, कारण विसरण्यातली खरी मेख तिथे आहे. विसराळूपणामुळे गोळी चुकते, गोळी चुकली की फिट येते, फिट आली की आणखी विसरायला होतं. एकदा घेतली की नाही हे न आठवून दोनदाही घेऊन झालीय. सात दिवसांचे खण असलेली डबी मेडिकलमध्ये मिळते. रविवारी रात्री भरते. खण रिकामा म्हणजे घेतली, वाद नाही. मोबाइलचा गजर लावून "जरा थांबून घेते" म्हणायचं नाही. गजर वाजतोय तोवरच गोळी तोंडात.

दुसरं म्हणजे एकच वही. चिठ्ठ्या नकोत, चिठ्ठ्या कुठे ठेवल्या ते विसरतं. रात्री त्यात पाच ओळी. कोण भेटलं, काय बोललं, काय हसलो. लग्नकार्याला जाण्याआधी मी कोण कोण भेटेल त्यांची नावं वाचून जाते. नाटकाच्या तालमीसारखं.

आणि "हो हो" सोडा. मी आता सरळ म्हणते, "माझ्या आजारामुळे हे गेलंय, तुम्ही सांगा." पहिल्यांदा जीभ रेटेना. १९९९ पर्यंत वारंवार येणाऱ्या फिट्स हे हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करण्याचं कारण होतं. कायदा बदलला तरी घरं बदलायला वेळ लागतो. आमच्याकडे माझ्या गोळ्या पहिली दोन वर्षं तांदळाच्या डब्यात होत्या. आजार लपवला की विसरणं हा स्वभाव ठरतो. आळशी, बेफिकीर, माहेरची सवय.

पुण्यात असाल तर संवेदना फाउंडेशन आहे, अपस्मार असलेल्यांसाठीच. आपल्यासारखी माणसं समोर बसलेली दिसली की निम्मं ओझं उतरतं.

---

अर्धा_चहा | १४ जून, संध्याकाळी ५:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). भावाला पाठवला धागा. त्याने उत्तर दिलंय, "करोडपतीबद्दल माफ केलं. एक लाइफलाइन बाकी आहे."

---

तुळशीकट्टा | २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. सर्वांचे आभार, खूप उशिराने.

बी-१२ तळाला गेलं होतं, इंजेक्शनं झाली. न्यूरोसायकॉलॉजिस्टची चाचणी तीन तास चालली, शेवटी भूक लागली होती. निकाल असा: बुद्धी छान, आकृत्या छान, ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासाने सांगताना मात्र घसरगुंडी. रिपोर्ट हातात घेऊन रडले. वाईट वाटलं म्हणून नव्हे. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून. साबांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं?" मी आधी सांगितलं होतं. पण असो, हल्ली साबा स्वतःच फळ्यावर खडूने दूध आणि वाण्याचं लिहून ठेवतात.

टोपिरामेट डॉक्टर अगदी टप्प्याटप्प्याने कमी करतायत, त्या जागी दुसरी चढवतायत. अजून फिट नाही. चाळणी परत आली आहे. पुरणयंत्र अजून कधी येतं, कधी येत नाही.

गणपतीपुळ्याचं नवऱ्याला सरळ विचारलं. सगळं सांग, मला काहीच माहीत नाही असं धरून सांग. तो आधी गप्प झाला. म्हणाला, इतकी वर्षं हसत होतीस ते? मग रात्री साडेबारापर्यंत सांगत बसला. मी म्हणे खानावळीत सोलकढीत पाणी जास्त आहे म्हणून भांडले होते आणि शेवटी स्वतः आत जाऊन ती नीट करून दिली. वहीत लिहून घेतलंय. भटजीचा किस्सा मात्र त्याने सांगितला तसा नसावा असं नणंद म्हणते. दोघांच्या हकिकती जुळत नाहीत.

---

पाटीपेन्सिल | २३ ऑगस्ट, रात्री १०:१२

दोन्ही लिहून ठेवा ताई. पोराची तीन आठवड्यांनंतरची चाचणी झाली, डॉक्टर म्हणाले तेच निघालं. शाळेत पत्र दिलंय. आणि भटजीचा किस्सा काय आहे तो?

---

तुळशीकट्टा | २३ ऑगस्ट, रात्री १०:२०

नणंद रक्षाबंधनाला यायची राहिलीय, रविवारी येतेय. दोघांना समोरासमोर बसवून मग सांगते.